झुरळाची मिशी आणि पायांपर्यंतचा निरोप

प्रश्न : आमचे मंगळवार पेठेतले घर जुने, कौलारू आहे. रात्री मोरीच्या कडेने चाललेल्या झुरळाच्या डाव्या मिशीला खराट्याचा हीर अलगद लावला, की ते क्षणार्धात उजवीकडे वळून पळते. स्पर्श कोणत्या बाजूने झाला हे त्याच्या पायांना इतक्या लवकर कसे कळते?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. मिशी, म्हणजे शृंगिका. तिच्या लांब धाग्यासारख्या भागात स्वतःचा एकही स्नायू नसतो. ती हलते बुडाच्या दोन जाड खंडांपाशी, आणि हालचालीचे मोजमापही मुख्यतः तिथेच होते. सांध्यालगत बारीक केसांचे पुंजके असतात. सांधा वाकला की हे केस दबतात आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या चेतापेशी विद्युत्-स्पंदने पाठवू लागतात. काही पेशी सांधा वाकलेला असेपर्यंत स्पंदने पाठवत राहतात, म्हणजे शृंगिकेची स्थिती कळवतात. काही मात्र हालचाल चालू असतानाच जाग्या होतात, आणि वेग वाढला की त्यांची स्पंदने दाट होतात. कोणत्या बाजूचे केस दबले, यातून दिशा कळते.

हा निरोप प्रथम मेंदूत जातो. तिथून काही चेतापेशींचे लांब तंतू मानेतून थेट छातीतल्या तीन चेतागुच्छांपर्यंत उतरतात, आणि यांतला प्रत्येक गुच्छ पायांची एकेक जोडी चालवतो. वाटेत टप्पे थोडे, म्हणूनच विलंब थोडा. काडीकीटकात तर शृंगिकेच्या हालचालीचा वेग पायांच्या चेताजालाला कळवणाऱ्या अशा पेशी प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या आहेत. (चप्पल उगारताच झुरळ निसटते, त्याची वाट वेगळी : हवेची झुळूक शेपटीकडच्या दोन लहान शिंगांना कळते आणि पोटातून छातीकडे संदेश जातो, तो मेंदूसाठी थांबत नाही.)

मला यात सर्वांत विलक्षण वाटते ती कामाची वाटणी. कोळ्याचा स्पर्श झाला की झुरळ पळते, दुसऱ्या झुरळाच्या स्पर्शाने बहुधा पळत नाही. ही ओळख लांब धाग्याकडून पटते. प्रयोगात बुडाकडची संवेदके निकामी केली तेव्हा ही ओळख टिकली, पळण्याची दिशा मात्र चुकू लागली.

आता हीर बाजूला ठेवून आपल्या मोरीतल्या झुरळाकडे पुन्हा पाहावे. त्याची एक मिशी भिंतीला सतत घासत असते, तरी ते घाबरत नाही. उलट तिच्या वाकण्यावरून ते भिंतीपासूनचे अंतर राखते आणि कोपरा आला की तिच्याच आधाराने वळते.