धाप, दमा आणि पहाटेचं धावणं : वाचकांचे प्रश्न

दमा असूनही नेमाने धावणाऱ्या वाचकांच्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. सोयीसाठी इनहेलरला सगळीकडे 'पंप' म्हटलं आहे. घरात आणि औषधाच्या दुकानात आपण तसंच म्हणतो.

धावताना मला काहीच होत नाही. पाच किलोमीटर संपवून घरी लिफ्टमध्ये शिरलो की खोकल्याची उबळ येते, छाती आवळते, बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. अर्ध्या-पाऊण तासात आपोआप थांबतं. माझा स्टॅमिना कमी पडतोय का? (वय 41, ठाणे)

स्टॅमिनाचा यात संबंध दिसत नाही. तुम्ही सांगितलेली वेळच खूप काही सांगते. दम कमी पडणाऱ्याला धाप धावताना लागते आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत उतरते. श्रमाने श्वासनलिका आकसतात तेव्हा उलटं होतं. त्रास थांबल्यानंतर वाढतो, पाच ते पंधरा मिनिटांत सर्वांत जास्त असतो आणि तासा-दीड तासात ओसरतो.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावताना हीच हवा साठ लिटरच्या वर जाते आणि बहुतेक तोंडावाटे जाते. नाकात हवा गरम आणि ओलसर होते, ते काम आता श्वासनलिकांच्या अस्तरावर पडतं. अस्तरावरचं पाणी उडतं, उरलेला द्रव खारट होतो आणि तिथल्या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राइन अशी रसायनं सोडतात. त्यामुळे नळीभोवतीचा स्नायू आवळतो. हवा जितकी थंड आणि कोरडी, तितका त्रास जास्त.

खात्री करून घ्यायला पीक फ्लो मीटर (फुंकलेली हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारं छोटं यंत्र) आणा. धावण्याआधी उभं राहून पूर्ण श्वास घ्या, ओठ घट्ट मिटून एकदम जोरात फुंका. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहा. धावून आल्यावर 5, 10, 15 आणि 30 मिनिटांनी पुन्हा तसंच करा. त्या दिवशी आधी पंप घेऊ नका, आणि त्रास सुरू झाला की मोजत बसू नका, आधी औषध घ्या. समजा आधी 420 होता आणि दहाव्या मिनिटाला 350 झाला, तर घट जवळजवळ 17 टक्के झाली. 15 टक्क्यांच्या वरची घट तीन वेगवेगळ्या दिवशी दिसली, तर ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) करून घ्या. मीटरवरून संशय घेता येतो, निदान स्पायरोमेट्रीने होतं.

एक वेगळा प्रकारही लक्षात ठेवा. आवाज श्वास आत घेताना येत असेल, घसा आवळल्यासारखा वाटत असेल, त्रास ऐन जोरात धावताना होऊन थांबताच पाच मिनिटांत जात असेल आणि पंपाने काडीचा फरक पडत नसेल, तर दोष स्वरयंत्रात असू शकतो. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञ पाहतात आणि श्वासाचे व्यायाम शिकवतात. चुकून दमा समजून वर्षानुवर्षं पंप घेणारे बरेच जण यातले असतात.

रोज पहाटे धावण्याआधी साल्बुटामॉलचे दोन पफ घेते. आधी पूर्ण दहा किलोमीटर निभायचं, आता चौथ्यालाच छाती भरते. औषधवाले म्हणतात, चार घ्या. घेऊ का? (कोल्हापूर)

नका घेऊ. आणि हा प्रश्न औषधवाल्याचा नाही, डॉक्टरांचा आहे.

साल्बुटामॉल आवळलेला स्नायू सैल करतं, आतल्या सुजेला हात लावत नाही. धावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोन पफ (प्रत्येकी 100 मायक्रोग्रॅम) घेतले की दोन ते चार तास संरक्षण मिळतं. कधीतरी घेतलं तर हे उत्तम चालतं. रोज घेतलं की शरीर त्याला सरावतं आणि तेच दोन पफ कमी वेळ, कमी जोराने काम करतात. तुमच्या चौथ्या किलोमीटरचं कारण बहुधा यात आहे. भरीला, सूज तशीच वाढत राहिलेली असणार.

जरा हिशेब करू. आठवड्यात पाचच दिवस धरले तरी दोन-दोन पफ म्हणजे दहा, वर्षाला 520. एका डब्यात 200 पफ असतात, म्हणजे अडीच डब्यांहून जास्त फक्त धावण्यापायी. वर्षाला तीन किंवा अधिक डबे लागणाऱ्यांना दम्याचा मोठा झटका येण्याचा धोका वाढतो, हे आता पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच 'जिना' या दम्याच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेने 2019 पासून मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना नुसत्या साल्बुटामॉलवर ठेवू नये असं सांगितलं. सूज उतरवणारं, श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड सोबत हवंच.

सौम्य दम्याला सध्या पसंतीचा मार्ग म्हणजे ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत स्नायू सैल करतं, ब्युडेसोनाइड सूज उतरवतं. तो त्रास होईल तेव्हा घेता येतो आणि धावण्याआधी एकदाही घेता येतो. दमा जास्त असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ लागतो. तुमचा प्रकार कोणता, हे डॉक्टरांनी ठरवायचं. मात्र सगळे 'जोड' पंप सारखे नसतात. साल्मेटेरॉल असलेला पंप सावकाश लागू होतो, तो ऐनवेळी कामाचा नाही. डब्याच्या रंगावरही जाऊ नका, कंपनीगणिक रंग बदलतो. नाव वाचा.

स्टिरॉइडची भीती आम्ही समजू शकतो, पण एका पफात ब्युडेसोनाइड 100 किंवा 200 मायक्रोग्रॅम असतं आणि ते लागतं तिथेच पडतं. 'पंपाची सवय लागते' म्हणून लोक साल्बुटामॉलची 4 मिलिग्रॅमची गोळी घेतात. त्या एका गोळीत चाळीस पफांचं औषध असतं! हात थरथरतात, छाती धडधडते आणि श्वास मोकळा व्हायला वेळ लागतो तो लागतोच. स्टिरॉइडचा पंप रोज घ्यायला लागल्यावर धावण्यातला त्रास कमी व्हायला साधारण चार आठवडे द्या. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.

पंप मारल्यावर जिभेला कडवट चव येते, छातीला काही लागत नाही. पंप खराब आहे का? (नाशिक)

कडवट चव म्हणजे औषध जिभेवर आणि टाळ्याला बसलं. पंप बहुधा ठीक आहे, वेळ चुकतेय. आरशासमोर उभं राहून एकदा घ्या. ओठांच्या कोपऱ्यातून किंवा नाकातून पांढरा धूर बाहेर येताना दिसला, तर तेवढं औषध वाया गेलं.

टोपण काढा आणि तोंडाच्या नळीत आधी डोकावून बघा. खिशात फिरलेल्या पंपात कापसाचा पुंजका, खडा, नाणंसुद्धा अडकतं आणि ते सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं. पंप नवा असेल किंवा दोन आठवडे पडून असेल, तर दोन-चार पफ हवेत उडवा (नेमके किती, ते पत्रकात असतं). जोरात हलवा, कारण औषध तळाशी बसतं. बाहेर सावकाश पूर्ण श्वास सोडा. नळी दातांमध्ये धरा, ओठ घट्ट मिटा, जीभ खाली. आता हळू श्वास घ्यायला सुरुवात करा आणि सुरुवात झाल्याबरोबर डबा एकदा दाबा. चार-पाच सेकंद हळू ओढत राहा. मग दहा सेकंद श्वास रोखा. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा आणि पुन्हा पहिल्यापासून. एका श्वासात दोन पफ दाबले तर ना पहिला नीट जातो, ना दुसरा.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे झर्रकन श्वास ओढणं. धावायला निघायच्या घाईत तर हमखास होते. वेगाने येणारे कण घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतात आणि वळण घेऊन खाली जात नाहीत. दाबणं आणि ओढणं जुळतच नसेल तर स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) वापरा. तो फक्त लहान मुलांसाठी असतो हा गैरसमज आहे. स्पेसर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून धुवा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

साल्बुटामॉलच्या पंपाचं भोक औषध साचून बुजतं. आठवड्यातून एकदा धातूचा डबा काढून बाजूला ठेवा आणि फक्त प्लॅस्टिकचा सांगाडा नळाच्या कोमट धारेखाली अर्धा मिनिट धरा. रात्रभर वाळवा. डबा धुवायचा नाही. डबा पाण्यात टाकून 'तरंगला तर संपला' ही जुनी परीक्षाही सोडा, ती चुकीचं उत्तर देते. औषध संपल्यावरही डब्यातून फवारा येत राहतो, म्हणून आकडा दाखवणारा पंप घ्या किंवा सुरुवातीची तारीख डब्यावर लिहा.

स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो.

पावसाळ्यात कॅप्सूलची पावडर आत गोळा होते. धुराच्या पंपासारखी हळू ओढायची ना? (रत्नागिरी)

नाही, इथे उलटं आहे. कॅप्सूल घालून पावडर ओढायच्या यंत्रात फवारा मारणारा गॅस नसतो. पावडर फुटून उडते ती तुमच्या श्वासाच्या जोरानेच. म्हणून जोरात आणि खोल ओढा. यंत्रात फुंकू नका, तुमच्या श्वासाची वाफ पावडर ओली करते. कोकणातल्या हवेत कॅप्सूल आदल्या रात्री भरून ठेवू नका, घेतानाच बाटलीतून काढा आणि बाटलीचं झाकण लगेच लावा. घामेजल्या खिशात घालून धावायला तर ही कॅप्सूल अजिबात नेऊ नका. आणि ती गिळायची नसते, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत धावणं जवळजवळ बंद पडतं. पहाटेची हवा शुद्ध असते ना? (पुणे)

थंडीत नसते. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वरची ऊबदार हवा झाकणासारखी राहते, आणि शेकोट्यांचा, कचरा जाळल्याचा, रात्रीच्या वाहनांचा धूर त्यात कोंडतो. ऊन चढल्यावर तो वर जातो. तेव्हा साडेपाचचं धावणं आठ-साडेआठला ढकलता आलं तर पाहा, रस्ता सोडून मैदान किंवा टेकडी निवडा.

निघण्याआधी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (AQI) बघा. 100 पर्यंत नेहमीसारखं धावा. 101 ते 200 मध्ये दम्याच्या माणसाने अंतर आणि वेग कमी करावा. 200 च्या वर घरातच ट्रेडमिल किंवा दोरीवरच्या उड्या. तोंडावर रुमाल बांधल्याने हवा ऊबदार आणि ओलसर होते, थंडीत त्याचा खरोखर उपयोग होतो, पण सूक्ष्म धूळ त्यातून सहज आत जाते.

वॉर्म-अपवर कंजुषी करू नका. दहा मिनिटं भरभर चालणं आणि हळू धावणं, मग तीस सेकंदांच्या सहा ते आठ वेगवान धावा, मध्ये मिनिटभर चालणं. यामुळे काही जणांच्या श्वासनलिका पुढचे एक-दोन तास सहसा आकसत नाहीत. हे सगळ्यांना लागू पडत नाही, पण महिनाभर करून बघण्यासारखं नक्की आहे. शेवटीही एकदम थांबू नका.

पावसानंतर टेकडीवर गाजरगवत फुललेलं असतं. शिंका, नाक बंद आणि मागोमाग छाती, असा क्रम दिसला तर नाकाच्या ॲलर्जीवरही औषध घ्या. नाक बंद राहिलं की सगळी हवा तोंडावाटे जाते आणि पहिल्या उत्तरातलं चक्र सुरू होतं.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं आहे. यवतेश्वरच्या चढावर झटका आला तर काय करू? (सांगली)

पंप सामानाच्या पिशवीत ठेवू नका, कमरेच्या पट्ट्यात टोपणासकट ठेवा. गाडीत डॅशबोर्डवर तर कधीच नको, उन्हात डबा फुटू शकतो. बिबच्या (छातीवर लावायच्या नंबरच्या) मागे 'दमा', औषधाचं नाव आणि घरचा फोन लिहा.

त्रास सुरू झाला की थांबा. चालत राहून बघू, असं नको. कडेला बसा, थोडं पुढे वाका, हात गुडघ्यांवर, आडवं होऊ नका. साल्बुटामॉल असेल तर एक-एक पफ, प्रत्येकी अर्धा ते एक मिनिटाच्या अंतराने, गरज लागेल तसे दहापर्यंत. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल असेल तर एक घ्या, काही मिनिटं थांबा, पुन्हा एक. एका वेळी सहाच्या वर नाही. सोबतच्या माणसाला सांगून ठेवा की एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल किंवा औषधाने आराम पडत नसेल, तर पफ मोजत न बसता लगेच 108 लावायचा. शिट्टीचा आवाज थांबला पण धाप तशीच आहे, हे सर्वांत वाईट लक्षण. हवा आत जातच नसल्यामुळे आवाज बंद झालेला असतो.

बरं वाटलं तरी त्या दिवशी पुढे धावू नका. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफला किशोरवयापासून दमा होता आणि 2003 मध्ये तिने लंडन मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत पूर्ण केली, पण ती दमा आटोक्यात ठेवून. धावण्याआधीच्या दोन आठवड्यांत रात्री खोकल्याने जाग आली असेल, किंवा सकाळचा पीक फ्लो तुमच्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांखाली असेल (सर्वोत्तम 450 असेल तर 360 च्या खाली), तर त्या शर्यतीला जाऊ नका.

स्पर्धेत पंप घेतला तर डोपिंग होतं का? (मुंबई)

श्वासातून घेतलेलं साल्बुटामॉल 24 तासांत 1600 मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही 8 तासांत 600 पर्यंत चालतं. धावण्याआधीचे दोन पफ 200 होतात. गोळी किंवा सिरप मात्र बंदीत येतं.

लांब धावल्यावर गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन घेतो. दमा आहे, चालेल? (नागपूर)

आधी घेऊन कधी काही झालं नसेल तर बहुतेकांना चालतं. पण ज्यांना दम्यासोबत नाकात मांस वाढण्याचा त्रास आहे, किंवा ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतल्यावर तास-दोन तासांत नाक गळून छाती भरली आहे, त्यांनी ही सगळीच औषधं टाळावीत. त्यांच्यासाठी पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम सहसा सुरक्षित असतं, पण तेही पहिल्यांदा डॉक्टरांना विचारूनच. दमा नसलेल्या सोबत्याने शर्यतीनंतर पुढे केलेली गोळी, नाव न वाचता, तोंडात टाकू नका.