विश्वास ठेवला आहे पण बाप्तिस्मा झालेला नाही. शास्त्राप्रमाणे तारण (पापातून सुटका) आहे का? आणि पाणीच नसेल तर?

तुम्ही लिहिलंय की जालन्याजवळच्या खेड्यात राहता, येशू मेलेल्यांतून उठला हे मनापासून मानता, पण बाप्तिस्मा राहिलाय. मधेच मरण आलं तर काय, आणि उन्हाळ्यात विहीर आटलेली असताना नुसतं डोक्यावर पाणी घेतलं तर चालतं का, हे तुम्हाला विचारायचंय.

मरणाची धास्ती काढून टाका. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराला बाप्तिस्मा घ्यायला ना वेळ होता, ना पाणी. तरी तू आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असं प्रभूने त्याला सांगितलं (लूक 23:43). कर्नेल्य या रोमी सेनाधिकाऱ्याच्या घरी तर येशूचा शिष्य पेत्र बोलत असतानाच ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरला, पाण्याची गोष्ट नंतर निघाली (प्रेषितांची कृत्ये 10:44-48). पण तिथेच पुढे वाचा. आत्मा मिळालाच आहे, आता पाणी कशाला, असं पेत्र म्हणाला नाही. त्याने बाप्तिस्मा घ्यायची आज्ञाच केली. संधी न मिळणं वेगळं आणि संधी असून टाळणं वेगळं. वधस्तंभावरच्या त्या माणसाचा दाखला देऊन वर्षानुवर्षं बाप्तिस्मा पुढे ढकलणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

मार्क 16:16 वरून लोक हटकून वाद घालतात. विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचं तारण होईल, हा त्या वचनाचा पहिला भाग. दुसऱ्या भागात दोषी ठरतो तो विश्वास न ठेवणारा. तिथे बाप्तिस्म्याचा उल्लेख नाही. आणखी एक गोष्ट माहीत असावी. मार्कची 16:9 ते 20 ही वचनं सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. म्हणून एवढ्या एका वचनावर सगळी शिकवण उभी करू नये. तसं करायची गरजही नाही, कारण रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय आहे.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या अध्यायात आहे. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले जातो, आणि तो जसा उठला तसं आपण नव्या जीवनात चालावं (6:3-5). म्हणजे पाण्यात जाणं हे पुरलं जाणं आणि बाहेर येणं हे उठणं. कलस्सै 2:12 मध्येही हेच आहे, आणि तिथे जोडणारा दुवा स्पष्ट दिलाय: ज्याने येशूला उठवलं त्या देवाच्या सामर्थ्यावरचा विश्वास. पेत्र तर सरळ सांगतो की हे अंगाचा मळ धुणं नव्हे. बाप्तिस्मा तारतो तो येशूच्या पुनरुत्थानाद्वारे (1 पेत्र 3:21). पुनरुत्थान वगळलं तर उरते फक्त अंघोळ. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असं पौल 1 करिंथ 15 मध्ये म्हणतो ते यामुळेच. हे पत्र इ.स. 55 च्या सुमाराचं. उठलेल्या प्रभूला एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांनी पाहिलं आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असं तो तिथे लिहितो. म्हणजे ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावं. शरीर कसं उठेल यावर त्याने दिलेलं पेरलेल्या दाण्याचं उदाहरण (15:36-38) आपल्या भागात वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता पाणी. पूर्ण बुडवायचं असेल तर कमरेएवढं स्थिर पाणी हवं. उमेदवाराने हात छातीवर घ्यायचे, नाकाला रुमाल धरायचा आणि गुडघे वाकवायचे. पाळक एक हात मानेमागे, दुसरा त्याच्या हातांवर ठेवून मागे झुकवतात आणि लगेच वर घेतात. गुडघे ताठ राहिले की पाय वर उचलले जातात, तोल जातो आणि नाकातोंडात पाणी जातं. कपडे जाड आणि गडद असावेत. साडीला पिना नीट लावाव्यात. शेवाळलेल्या पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका. गोदावरीत उतरायचं असेल तर धरणातून पाणी सोडलंय का याची आधी चौकशी करा. सहा फूट लांब, तीन फूट रुंद हौदात अडीच फूट पाणी भरायला साधारण 1,270 लिटर लागतं. टँकरवर जगणाऱ्या गावात एवढा आग्रह कुणी धरू नये.

आणि तसा आग्रह धरायचं कारणही नाही. ‘डिडाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती शिकवणीत वाहतं पाणी पहिलं सांगितलंय. ते नसेल तर दुसरं, थंड नसेल तर कोमट, आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतायचं. तांब्याभर पाणी पुरतं. फक्त ते डोक्याच्या त्वचेला लागून वाहिलं पाहिजे, केस ओलसर होण्याइतकं शिंपडून भागवू नये. शब्द मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, मत्तय 28:19 प्रमाणेच. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते. त्या परंपरेत ओतून किंवा शिंपडून बाप्तिस्मा देतात, लहान बाळांनाही. तुमच्या भागातल्या जुन्या ख्रिस्ती घरांतले बाप्तिस्मे असेच झालेले असणार. ते खोटे होते असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

पाण्यापेक्षा काळजी तयारीची करा. शोमरोनातल्या शिमोन जादूगाराने विश्वास ठेवला, बाप्तिस्माही घेतला, आणि पुढे पैसे देऊन आत्म्याचं सामर्थ्य विकत मागितलं. तुझं अंतःकरण देवाच्या दृष्टीने नीट नाही, असं पेत्राने त्याला तोंडावर सुनावलं (प्रेषितांची कृत्ये 8:13-21). म्हणून घाई करणाऱ्यापेक्षा काही आठवडे शिकवण देणारे पाळक बरे. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीत गेलात तर बाप्तिस्म्यानंतर दृढीकरणाबद्दल, म्हणजे विश्वास पक्का करण्याच्या विधीबद्दल, विचारा. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांची तयारी अधिक लांबते आणि बाप्तिस्मा शक्यतो पुनरुत्थान सणाच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्रीच्या जागरणविधीत होतो. कुठेही घ्या, पण मंडळीच्या नोंदवहीत नाव, तारीख आणि पाळकांची सही आहे ना ते बघा आणि दाखल्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. चर्चमध्ये लग्न लावताना तोच दाखला मागतात.