अल्फाफोल्ड असताना एन्झाइमचे क्रिस्टल करत बसायचं का?

बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चोथ्यापासून, इथेनॉलसाठी बीटा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम इंजिनिअर करताय, अल्फाफोल्डचं (प्रोटीनच्या आकाराचा अंदाज बांधणारा एआय) मॉडेल हातात आहे आणि क्रिस्टलसाठी लावलेल्या प्रोटीनच्या थेंबात, ड्रॉपमध्ये, नुसता गाळ येतोय, मग एक्स-रेने खरा आकार दाखवणाऱ्या क्रिस्टलचा नाद सोडू का, असं विचारलंय. अजिबात सोडू नका.

हाच प्रश्न आमचे आबा, म्हणजे चुलते, दर दिवाळीला मला घालायचे. साखर कारखान्यात डिस्टिलरीला होते. म्हणायचे, काचेवरचे खडे बघून टँकर भरतोय होय, बगॅस बॉयलरला घाला, वीज तरी होईल.

आमचं एन्झाइम बॅक्टेरियाचं, ई. कोलायमध्ये काढलेलं. म्युटंट, म्हणजे त्याचं मुद्दाम बदललेलं रूप, उष्णतेला झकास टिकायचा पण ग्लुकोज साचलं की काम बंद, आणि या एन्झाइमचं जुनं दुखणंच ते, सेलोबायोज (ग्लुकोजची जोडी) तोडून ग्लुकोज करायचं आणि त्याच ग्लुकोजने अडून बसायचं. मॉडेल बघून लॅबमध्ये एक म्हणायचा हा लूप (प्रोटीनच्या साखळीचं वळण) बदला, दुसरा म्हणायचा तो. शेवटी ग्लुकोजमध्ये भिजवलेला क्रिस्टल इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे जोरदार एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर नेला, तिथं प्रोटीनसाठी एक्स-रेची वेगळी वाट, बीमलाइन, आहे. एक्स-रेवरून काढलेला इलेक्ट्रॉनचा मॅप उघडला तर अ‍ॅक्टिव्ह साइटच्या (एन्झाइम काम करतं त्या जागेच्या) तोंडाशीच ग्लुकोजची रिंग, सहाच्या सहा कोपरे ओळखू येत होते. तिथलं एकच अमिनो आम्ल बदललं आणि पुढचा म्युटंट दाट ग्लुकोजमध्ये पण चालत राहिला. हे मॉडेलवर आम्ही वाद घालून कधीच मिटवलं नसतं.

१९२६ ला जेम्स समनरने युरिएज या एन्झाइमचे क्रिस्टल केले तेव्हा एन्झाइम म्हणजे प्रोटीन हेच मोठमोठे लोक मानत नव्हते, नोबेल मिळायला १९४६ उजाडलं. आणि पानिपतला २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉलचा प्रकल्प उभा राहिला, मग ऊस आपल्या दारात असताना आपण बगॅस नुसता जाळायचा का? आबांना मी हेच सांगत आलो.

गाळाचं म्हणाल तर प्रोटीन आणि पीईजी (प्रोटीनला द्रावणातून बाहेर ढकलणारं रसायन) दोन्ही कमी करून बघा, जेल फिल्ट्रेशनला (प्रोटीन आकारानुसार वेगळी करायची पद्धत) एकच सरळ पीक येत नसेल तर ड्रॉपची प्लेट लावूच नका, प्रोटीनची लवचिक टोकं उडवा. प्लेट एकसारख्या तापमानाला ठेवा, आपल्याकडे एप्रिलमध्ये लाइट गेली की इन्क्युबेटर तापतो आणि ड्रॉप बिघडतात. खडा दिसला तर बारीक सुईने दाबा, प्रोटीनचा लगेच चुरतो, मिठाचा कडक लागतो.

हां, बगॅसमधलं लिग्निन (त्यातला कडक, लाकडी घटक) आधी सोडवलं नाही तर कुठलंच स्ट्रक्चर कामाला येणार नाही, ते वेगळं झगडणं आहे. आणि क्रिस्टल येईपर्यंत मॉडेलवरून म्युटंट करत राहायला काहीच हरकत नाही. पण पुढची प्लेट हिस-टॅग (प्रोटीन शुद्ध करायला जोडलेलं शेपूट) कापूनच लावा.