मी सहा महिन्यांपासून लांब पल्ल्याचं पळतोय. वेगाचा सराव कधी आणि किती करावा?

आता सुरू करा, पण आठवड्यातून एकदाच. दम लवकर वाढतो. हाडं आणि टाचेमागची जाड शीर (अकिलीस टेंडन) मात्र सावकाश तयार होतात, म्हणून घाई केली की दुखणं तिथेच निघतं.

आधी पंधरा मिनिटं हळू पळून अंग गरम करा, हे टाळूच नका. मग ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, मध्ये दोन-दोन मिनिटं रमतगमत जॉगिंग. सहावी फेरी पहिलीइतक्याच वेळात संपायला हवी. पहिली सुसाट आणि पाचवीला पाय शिशासारखे जड झाले, तर सुरुवातच चुकली. पुढच्या वेळी प्रत्येक फेरीला चार-पाच सेकंद जास्त द्या.

दुसऱ्या दिवशी विश्रांती किंवा अगदी सावकाश पळणं. लांब धाव वेगाच्या सरावाला लागून ठेवू नका.