टाइप रेटिंगचे पैसे कधी भरायचे?

प्रश्न : मुलीचं सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) पूर्ण झालं. २०० तास झाले, मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं वाचून उडवणं) रेटिंगही हातात आहे. एक प्रशिक्षण संस्था म्हणते, एअरबस ए-३२०चं टाइप रेटिंग करून टाका, टाइप-रेटेड उमेदवाराला एअरलाइन आधी घेतात. खर्च सुमारे १५ लाख. सीपीएलचं कर्ज अजून डोक्यावर आहे. काय करावं? (एक पालक, नाशिक)

उत्तर : एअरलाइनचं निवडपत्र हातात नसेल, तर आत्ता भरू नका.

टाइप रेटिंग म्हणजे परवान्यावर एका ठरावीक विमानाची नोंद. ए-३२०चं रेटिंग बोइंग ७३७ला किंवा एटीआरला चालत नाही. भारतात इंडिगोकडे ए-३२० आणि एटीआर आहेत, आकासाकडे ७३७ मॅक्स, अलायन्स एअरकडे एटीआर. म्हणजे रेटिंग निवडताना तुम्ही नकळत कंपनीही निवडता, आणि त्या कंपनीनं मात्र तुमच्या मुलीला अजून निवडलेलं नसतं.

दुसरं म्हणजे, रेटिंग असलं तरी निवड प्रक्रिया टळत नाही. लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचण्या, मुलाखत, बऱ्याच ठिकाणी सिम्युलेटर (जमिनीवरचं नकली कॉकपिट) चाचणी, हे सगळं द्यावंच लागतं. त्यानंतरही कंपनीच्या एसओपी (ठरवून दिलेल्या कार्यपद्धती), आपत्कालीन प्रक्रिया आणि सीआरएम (सहकाऱ्यांसोबत मिळून काम करण्याची पद्धत) शिकायचे, मग ट्रेनिंग कॅप्टनसोबत प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवर लाइन ट्रेनिंग. ‘टाइप-रेटेड फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) पाहिजेत’ ही जाहिरात नीट वाचा. तिथं बहुतेक वेळा त्या विमानावरचे किमान उड्डाणतास मागितलेले असतात. नुसतं रेटिंग असून त्या विमानावर शून्य तास असलेला उमेदवार तिथं बसत नाही.

बाजार किती पटकन फिरतो तेही पाहा. मार्च २०१९मध्ये ७३७ मॅक्सची उड्डाणं बंद झाली, एप्रिलमध्ये जेट एअरवेज थांबली. मे २०२३मध्ये गो फर्स्ट थांबली, तिच्याकडे ए-३२० होती. अशी कंपनी बंद पडली की त्याच विमानावर शेकडो, हजारो तास केलेले पायलट एकदम नोकरी शोधू लागतात. त्यांच्यापुढे स्वखर्चानं रेटिंग केलेल्या नव्या मुलीचा नंबर कधी लागायचा?

आता हिशोब. १५ लाख, ११ टक्के व्याज, ७ वर्षं : हप्ता महिन्याला सुमारे २५,७०० रुपये, तोही आधीच्या कर्जाच्या हप्त्यावर. हप्ता नोकरी लागल्यावर सुरू होईल अशी सवलत मिळाली, तरी व्याज थांबत नाही. वाट पाहण्याचा प्रत्येक महिना १३,७५० रुपयांना पडतो.

शिवाय हे शिक्षण शिळं होतं. एअरलाइनमधल्या पायलटचीही दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर तपासणी होते, आणि प्रवासी नेण्यासाठी ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग लागतात. वर्षभर घरी बसलेल्या उमेदवाराला पुन्हा रिफ्रेशर आणि तपासणी, पुन्हा स्वतःच्या खिशातून. तोवर हात बसलेला राहत नाही, आणि ते मुलाखतीच्या सिम्युलेटरमध्ये पहिल्या दहा मिनिटांत दिसतं.

मधल्या काळात क्लास वन मेडिकल (पायलटची वैद्यकीय तपासणी) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेवा, कारण ऐनवेळी नेमकं यातलंच काहीतरी संपलेलं निघतं. एटीपीएलचे (पुढे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्याचे) पेपर देऊन टाकावेत. जमलं तर असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग करून फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवायला लागावं. मिळकतीबरोबर तासही वाढतात, आणि ते तास कुठल्याही एअरलाइनच्या अर्जात मोजले जातात. घर पणाला लावण्यापेक्षा हा रस्ता आम्हाला मनापासून बरा वाटतो.

प्रश्न : एअरलाइननं निवडलं आहे, पण टाइप रेटिंग त्यांनी सांगितलेल्या केंद्रात स्वखर्चानं करायचं आहे. पत्रात काय बघावं? (वाचक, पुणे)

उत्तर : इथं भरायला हरकत नाही, फक्त पत्र ओळीनं वाचा. पत्र ‘नेमणूक’ देतं की ‘गरज असल्यास विचार करू’ म्हणतं? विमानाचं नाव, प्रशिक्षणाची आणि रुजू होण्याची तारीख लिहिली आहे का? रुजू व्हायला उशीर झाला आणि रिफ्रेशर लागला, तर खर्च कुणाचा? बाँड किती वर्षांचा, रक्कम किती, आणि दर वर्षी ती कमी होते का?

केंद्राकडून फीची फोड लेखी घ्या. ग्राउंड स्कूल, फिक्स्ड-बेस (न हलणाऱ्या सिम्युलेटरवरची) सत्रं, फुल फ्लाइट (विमानासारख्या हलणाऱ्या) सिम्युलेटरची सत्रं, स्किल टेस्ट, परीक्षकाची फी, जीएसटी आणि विमानावरची बेस लँडिंग्ज यांतलं काय धरलं आहे? बेस लँडिंग्ज बऱ्याचदा कोटेशनबाहेर असतात, आणि खऱ्या जेटचे ते काही फेरे फार महाग पडतात. जादा सिम्युलेटर सत्राचा आणि फेरपरीक्षेचा दर आत्ताच विचारा. सगळी रक्कम एकदम भरू नका, टप्प्याटप्प्यानं द्या.

प्रश्न : परदेशात तेच रेटिंग स्वस्त मिळतंय. (वाचक, नागपूर)

उत्तर : ते केंद्र, तेच सिम्युलेटर आणि तोच परीक्षक डीजीसीएला (भारताच्या नागरी विमान नियामकाला) चालतो याचा कागद हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. मग व्हिसा, राहणं, जादा सत्रं मिळवून पुन्हा बेरीज करा. फरक बराच आटतो.

प्रश्न : कोर्समध्ये मुलं नेमकी कुठं अडकतात? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पाठांतरात आणि रडरवर (शेपटीवरची, पायानं चालवायची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी). पहिलं सत्र सुरू होण्याआधी कॉकपिटचे फ्लोज (बटणांवरून हात फिरवायचा ठरलेला क्रम) आणि कॉलआउट (मोठ्यानं म्हणायचे ठरलेले शब्द) तोंडपाठ हवेत. भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर लावा आणि हात फिरवत रोज तासभर म्हणा. सिम्युलेटरमध्ये बटण शोधत बसलात, तर सत्राचे पैसे त्या शोधण्यातच जातात.

सत्र बहुधा चार तासांचं असतं : दोन तास तुम्ही चालवायचं, दोन तास जोडीदारानं. जोडीदार कच्चा असेल तर तुमचाही वेळ जातो, म्हणून दोघांनी आधीच एकत्र बसून सराव करावा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ए-३२०वर व्ही-वननंतर (ज्या वेगापुढे टेकऑफ रद्द करायचा नसतो) इंजिन बंद पडल्यावर. विमान एका बाजूला ओढलं जातं आणि नवखा हात साइडस्टिकनं (बाजूच्या काठीनं) ते सरळ करू पाहतो. त्यानं पंखावरचे स्पॉइलर (हवा अडवणाऱ्या फळ्या) उघडतात, ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो, चढाई मंदावते. आधी रडरनं नाक सरळ धरायचं, साडेबारा अंशांपर्यंत रोटेट करायचं (नाक उचलायचं), पडद्यावरची निळी बीटा टार्गेट खूण (रडर किती लावायचा ते दाखवणारी) मध्ये आणायची, चढाई पक्की झाली की गिअर (चाकं) वर. इकॅमवरच्या (बिघाड आणि उपाय दाखवणाऱ्या पडद्यावरच्या) सूचनांना ४०० फुटांच्या आत हात लावायचा नाही. इशारा वाजला की डोळे तिकडेच जातात, आणि उडवायचं राहून जातं.

दुसरी अडचण म्हणजे ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर (विमान कुठे वळवायचं ते दाखवणाऱ्या खुणा) बंद ठेवून, निव्वळ उपकरणं वाचून आयएलएसवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर) उतरणं. त्याचा सराव मल्टी-इंजिनच्या तासांतच पक्का करा. जेटचा सिम्युलेटर ते पहिल्यांदा शिकायची जागा नाही, तिथला प्रत्येक तास फार महाग आहे.