देव गप्प असताना प्रार्थना कशी करायची?

शरणपूर रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या ख्रिस्ती घरांतली माणसं माझ्याकडे एकच काळजी घेऊन येतात: "एवढी प्रार्थना करूनही देव काही बोलत नाही. माझा विश्वास संपला का?"

चाळिशीतल्या एका ताईंचं सांगते, ओळखीच्या खुणा बदलून. नवऱ्याची सातपूरच्या कारखान्यातली नोकरी गेलेली, सासूबाईंचं डायलिसिस चालू. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, म्हणायचे, "विश्वास कमी पडतोय." म्हणून त्या पहाटे तीनला उठून उपकारस्तुती करायच्या, आणि मध्येच शब्द आटायचे.

"झोप किती होते?"

"चार तास."

आधी तेच हाताळलं. बायबलमधला संदेष्टा एलीया थकून मरण मागतो तेव्हा देवदूत उपदेश करत नाही. भाकर-पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा खायला उठवतो (१ राजे १९). देवाची शांत, मंद वाणी पुढे होरेब डोंगरावर ऐकू येते. म्हणून प्रार्थना संध्याकाळी, दहाच मिनिटं. उदासी आणि निद्रानाश दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर डॉक्टरांना दाखवा. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे.

मग बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्यानं वाचायला दिलं. सहाच वचनं. दुसऱ्यावर त्या अडखळल्या.

"देवाला असा जाब विचारायचा असतो?"

"सुरुवातीची ओळ वाचा."

"मुख्य गवयासाठी..." बोट त्या ओळीवरच राहिलं. "म्हणजे हे सगळ्यांदेखत गायचे?"

गायचेच. माझ्या मते सगळा उलगडा इथं आहे: गाऱ्हाणं हा उपासनेचाच भाग आहे, तिच्यातली खोट नव्हे. त्या स्तोत्रात आधी दोन वचनं तक्रार, मग दोन मागणी, शेवटी दोन भरवसा. बहुतेकजण थेट भरवशावर उडी मारतात, म्हणून शब्द पोकळ वाटतात. तुम्ही तक्रारीवर हवे तितके दिवस थांबा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे. वधस्तंभावर येशूनंही स्तोत्र २२ मधला 'तू माझा त्याग का केलास?' हाच प्रश्न उच्चारला.

ताईंनी पुस्तक मिटलं आणि घरात बोलतात तशा बोलल्या: "प्रभू, मी दमलेय रे. तू बघतोयस ना?" आणि खूप वेळ रडल्या. देवाशी भांडणाऱ्यानं देवाला सोडलेलं नसतं, हे मी अशा वेळी ठामपणे सांगते.

नोकरी अजून मिळालेली नाही. रविवारी गाणं म्हणवत नसेल तर नुसतं उभं राहा, बाकीचे गातील. आणि मंडळीतल्यांनो, बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. अशा घरी वचन सुनावण्याआधी डबा पोचवा, डायलिसिसच्या दिवशी सोबत जाऊन बसा.