‘माझ्यामुळे तिची नोकरी गेली’

‘सही करा म्हणून मी मागे लागलो आणि नोकरी तिची गेली. आता दुसऱ्या कुणाकडे कोणत्या तोंडाने सही मागू?’

विचारणारा तरुण अमेरिकेत हॉटेलातल्या सफाई कामगारांच्या युनियनचा संघटक. स्वतःही बाहेरून येऊन ग्रीन कार्डवर राहिलेला. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील मी बदलले आहेत. तिथेच मी मराठी लोकांचं समुपदेशन करते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. नर्स, शिक्षक, कार्यकर्ते, ज्यांच्या शब्दावर दुसरा माणूस पाऊल उचलतो अशा कितीतरी जणांची झोप यानेच उडते.

त्याचं काम बहुतेक संध्याकाळचं. दुपारी शिफ्ट सुटताना गेटबाहेर उभं राहायचं, मग एकेकीच्या घरी जायचं. मुलं जेवत असतात, टीव्ही चालू असतो आणि नवऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘काढून टाकलं तर?’ घरी परतल्यावर यादीत प्रत्येक नावापुढे एक ते पाच यांपैकी आकडा टाकायचा. एक म्हणजे पक्की आपली, पाच म्हणजे मालकाच्या बाजूची. हॉटेलात युनियन हवी की नको यावर मतदान घ्या, अशा अर्जाला तीस टक्के कामगारांच्या सह्या पुरतात, पण अनुभवी संघटक तेवढ्यावर अर्ज करत नाहीत. मालकाचे सल्लागार एकदा सभा घ्यायला लागले की निम्म्या सह्या डळमळतात.

नोकरी गेलेल्या या बाईच्या नावापुढे ‘एक’ होता. तिच्याकडे अमेरिकेत राहून काम करण्याची कागदपत्रं नव्हती.

युनियनसाठी हालचाल केली म्हणून कामगाराला काढणं १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने बेकायदा आहे. सहा महिन्यांच्या आत तक्रार करता येते. कागदपत्रं नसलेल्यांनाही हे संरक्षण आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली म्हटलं. मात्र २००२ मध्ये त्याच न्यायालयाने अशा कामगाराला काढून टाकल्यानंतरच्या बुडालेल्या पगाराची भरपाई देता येणार नाही, असा निकाल दिला. म्हणजे तिला काढणं बेकायदा, पण तिच्या हातात भरपाईची दमडीही पडणार नाही. म्हणून ‘कायदा तुमच्या बाजूने आहे, कशाला मनाला लावून घेता’ असं मी म्हटलं नाही. कायदा त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता आणि ठणकत होतं ते नेमकं तिथेच.

फोन उशाशी ठेवून तो झोपत होता. जेवण कमी झालं होतं. पिणं वाढलंय का, जीव नकोसा वाटतो का, हेही मी स्पष्ट विचारलं. तसं नव्हतं. घरून आईचं पालुपद चालूच होतं, ‘परक्या देशात कशाला दुसऱ्यांच्या भांडणात पडतोस?’

तिसऱ्या-चौथ्या भेटीत मी विचारलं, ‘सही करण्यापूर्वी तुम्ही तिला काय सांगितलं होतंत?’

‘सगळं. भरपाई मिळणार नाही हेसुद्धा.’

‘मग ती काय म्हणाली?’

तो जरा वेळ गप्प बसला. ‘म्हणाली, हे काय मला ठाऊक नाही? पाठ तर अशीही जातेच आहे, पेन आण.’

इतके दिवस त्याच्या सांगण्यात हे वाक्य आलंच नव्हतं. अपराधीपणाची ही खोड मी वारंवार पाहते. सगळा भार आपल्या डोक्यावर घेताना समोरच्याचा निर्णयही आपण त्याच्याकडून काढून घेतो आणि डोळे उघडे ठेवून सही केलेली बाई बिचारी होऊन बसते. धोका लपवला असता तर त्याला वेगळा जाब द्यावा लागला असता. त्याने लपवला नव्हता. काढून टाकण्याच्या कागदावर सही मॅनेजरची होती.

‘त्यानंतर तिच्याशी बोललात?’ नव्हता बोलला. आठवडेच्या आठवडे. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

तिला फोन करायचा, एवढंच काम मी त्याला दिलं. माफीचं भाषण नाही, फक्त ‘कशी आहेस?’ आणि मग ऐकायचं. त्याने फोन केला आणि शिव्या खाल्ल्या. ती आता लोकांच्या घरी सफाईची कामं करत होती. राग नोकरी गेल्याचा नव्हता. ‘गरज होती तेव्हा मला फोन करत होतास, आता काय झालं?’ याचा होता. पुढच्या भेटीत हे सांगताना तो रडला, आणि त्या रात्री झोपलाही.

रात्री फोन बंद ठेवा, असा सल्ला मी त्याला दिला नाही. धरपकडीच्या भीतीत जगणाऱ्यांचा फोन रात्री येऊ शकतो. पण तो दर रात्री एकट्यानेच का उचलायचा? युनियनच्या ऑफिसशी बोलून त्याने तिघांत पाळी लावून घेतली. शिवाय एक नेम केला. काढून टाकलेल्या माणसाला पहिल्या दोन दिवसांत भेटायचं, तक्रारीचा कागद सोबत न्यायचा आणि काम केलेल्या दिवसांचा थकलेला पगार आधी मागायचा. कागदपत्रं नसली तरी हा पगार मालकाला द्यावाच लागतो.

तिची तक्रार दाखल झाली आहे, निकाल बाकी आहे. तो महिन्यातून एकदा माझ्याकडे येतो. परवा म्हणाला, एका घरी नवऱ्याने तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी कामावरून काढलेली ती बाईच त्याच्यासोबत गेली होती. उत्तर तिनेच दिलं. त्या घरातून सही मिळाली नाही.